गणपतीला कुडाळ: गाडी, ट्रेन की एसटी? कार्बनचा हिशेब हवाय

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. यंदा १४ सप्टेंबरला गणपती, गाव कुडाळच्या अलीकडे, आणि जायचं कसं यावरून आमच्या घरात आत्तापासूनच तीन पक्ष पडलेत. नवऱ्याने सात सीटर पेट्रोल गाडी घेतल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. सासूबाईंना कमरेचा त्रास, हायवेवरचे खड्डे आठवले की त्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना ट्रेनच हवी. तिसरा पक्ष म्हणजे आमचे नववीतले चिरंजीव. शाळेने कार्बन फूटप्रिंटचा, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा, प्रकल्प दिलाय आणि हा मुलगा जेवताना बापाला विचारतो, "बाबा, कुडाळपर्यंत तुम्ही माणशी किती किलो सोडणार?" सासरे जेवायचे थांबून बघत राहिले.

त्याने कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर आकडे भरले. तिथे अंतर मैलात, ट्रेन ब्रिटनमधली, आणि एसटी कशात धरायची ते कळेना. उत्तर आलं त्यावर बापाचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

आम्ही सहा जण आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. डोंबिवली ते गाव साधारण साडेचारशे किलोमीटर. गाडी भरून गेलो तर ट्रेनपेक्षा खरंच एवढं वाईट आहे का? धाकटा दीर म्हणतो, मी विमानाने गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरतो, तासाभराचा प्रवास, त्यात कसलं आलंय प्रदूषण. आणि नवरा दर महिन्याला ऑफिसच्या मीटिंगसाठी बंगळूरला जाऊन येतो. ते कंपनीचं काम, मग ते आमच्या घराच्या हिशेबात धरायचं का? चिरंजीव म्हणतात धरायचं, बाबा म्हणतात मुळीच नाही.

कोणीतरी इथल्या आकड्यांत समजावून सांगा. उपदेश नको, तो घरात मुबलक आहे.

---

रोह्याचा_सिग्नल

ट्रेनचं मी सांगतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे आता हिशेब विजेचा करायचा. बावीस-चोवीस डब्यांची गाडी एक किलोमीटर ओढायला ढोबळमानाने वीसेक युनिट वीज लागते. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाचीच. म्हणजे किलोमीटरला चौदा-पंधरा किलो. आकडा मोठा दिसतो, पण गाडीत हजार-चौदाशे माणसं असतात. माणशी दहा ते पंधरा ग्रॅम पडतात. जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर धरलेत तर माणशी दहा-बारा किलो. एसी डब्यात माणसं कमी आणि वीज जास्त, तिथे दीडपट-दुप्पट धरा.

सासूबाईंसाठी तुतारी बघा, कुडाळला थांबते. वंदे भारत कणकवलीला थांबते, पण तिथून पुढे कोणीतरी न्यायला यावं लागेल. तुम्ही डोंबिवलीच्या, म्हणजे दिवा-सावंतवाडी हाताशीच, पण गणपतीत त्या गाडीत कमरेच्या माणसाला चढवू नका. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला मोबाइल हातात धरून बसायचं, आणि पाच मिनिटांत वेटिंग लागलं तर मला शिव्या द्यायच्या नाहीत.

---

डेपोकाका

ताई, मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. कार्बन हा शब्द आमच्या वेळी सायलेन्सरमध्ये साचायचा तेवढाच माहीत होता, पण डिझेलचा हिशेब आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ केलाय, आणि हा सगळा प्रकार शेवटी डिझेलचाच हिशेब आहे.

चिरंजीवांना आधी हे लिहून घ्यायला सांगा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर डिझेलमागे २.७ किलोच्या जवळपास. वर्गात कोणीतरी विचारणारच, की लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो धूर कसा? उत्तर असं, की पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. कार्बनचं वजन बारा, दोन ऑक्सिजनचं बत्तीस, मिळून चव्वेचाळीस. वजन वाढतं ते हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं.

आता तुमची गाडी. सहा माणसं, वर कॅरियरवर बोचकी, घाट, एसी. कंपनी काहीही सांगो, पंधराच्या वर अ‍ॅव्हरेज धरू नका. नऊशे किलोमीटरला साठ लिटर, म्हणजे १३८ किलो. सहा जणांत वाटलं की माणशी २३. तुमच्या चिरंजीवांनी बहुतेक १३८ हाच आकडा बापाच्या डोक्यावर ठेवला असणार. भागाकार राहिला.

एसटीचं सांगतो. आमच्या डेपोत डिझेल पंपाशेजारी एक फळा असायचा. त्यावर ड्रायव्हरांची नावं आणि पुढे केपीटीएल, म्हणजे दहा लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा. पंचेचाळीसच्या खाली घसरला की वरून विचारणा. तीच गाडी, तोच घाट, पण एकाचा आकडा ४३ आणि दुसऱ्याचा ४९ यायचा. फरक उजव्या पायाचा. घाट चढताना हाफ क्लच धरून बसणारा आणि पुढे दिसतंय तरी शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा, हे दोघे फळ्यावर कायम तळाला.

पंचेचाळीस धरलं तर नऊशे किलोमीटरला दोनशे लिटर डिझेल, साधारण ५४० किलो. चव्वेचाळीस सीट भरल्या तर माणशी बारा. ट्रेनच्या पंगतीला आली म्हणायची. पण खरी गोम पुढेच आहे. आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा भारमानाचा, शंभर सीटमागे किती भरल्या तो. एरवीच्या दिवशी भारमान साठ टक्के असेल, तर तेच बारा किलो वीसवर जातात. आणि गणपतीच्या जादा गाड्यांची वेगळीच गंमत. सांगली-कोल्हापूरकडच्या डेपोंतून गाड्या मुंबईला बोलावतात, तिथून त्या खचाखच भरून कोकणात जातात, आणि परत फिरताना बऱ्याच जवळजवळ रिकाम्या. त्या दिवसांत कोकणातून मुंबईला येणारा कोण? परतीच्या वेळी उलटं. ते रिकामे किलोमीटर शेवटी भरलेल्या सीटांवरच पडणार. जादा गाडीने गेलात तर माणशी बावीस-चोवीस किलो धरा. म्हणजे सहा जणांनी भरलेली तुमची गाडी आणि गणपतीची जादा एसटी, दोघी जवळपास बरोबरीत. मी एसटीचा माणूस असून हे लिहितोय, त्यामुळे खोटं नसणार.

पण हीच गाडी घेऊन तुमचे मिस्टर एकटे निघाले, तर १३८ च्या १३८ त्यांच्या एकट्याच्या नावावर. भरलेल्या गाडीबद्दल मुलाने बापाला छळू नये. रिकाम्या गाडीबद्दल जरूर छळावं.

आता विमान. एक किलो विमानाचं इंधन जळलं की तीन किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड. मुंबई-बंगळूरला नेहमीचं १८० सीटचं विमान साडेतीन टनांच्या आसपास इंधन खातं. थोड्या सीट रिकाम्या धरून माणशी सत्तरेक किलो, जाऊन-येऊन १४०. म्हणजे तुम्ही सहा जण गाडीने गावी जाऊन परत येता तेवढं सगळं, बाबा एका मीटिंगला एकटे सोडून येतात. दर महिन्याला म्हटलं की वर्षाचे दीड टनाच्या वर. भारतात माणशी वर्षाचं एकूण उत्सर्जन सरासरी दोन टनांच्या आसपास आहे, त्यात वीज, सिमेंट, कारखाने सगळं आलं.

किलोमीटरमागे बघितलं तर मोठ्या गाडीत एकटा बसलेला माणूस विमानापेक्षा वाईट ठरतो. एकट्याचे दीडशे ग्रॅम, विमानाचे ऐंशी-नव्वद. विमान घात करतं ते अंतराने. गाडीने कोणी दर महिन्याला बंगळूर गाठत नाही, विमानाने गाठतो. शिवाय उंचावर विमानामागे ढगासारखे पांढरे पट्टे उमटतात, तेही उष्णता अडवतात. ते वरच्या हिशेबात धरलेलेच नाहीत.

दिरांना सांगा, प्रदूषण तासांवर मोजत नाहीत. मोपाचं अंतर कमी, पण विमान सगळ्यात जास्त पितं ते वर चढताना, आणि चढावं सगळ्यांनाच लागतं. जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलो कुठे गेले नाहीत. वर मोपा ते कुडाळ टॅक्सी, ती परत रिकामी जाणार.

---

शंकासुर

काका, हिशेब झकास, पण मला एक कळत नाही. जगभरच्या तेल कंपन्या मजेत आहेत आणि आपण नववीतल्या पोराकडून किलो-किलो मोजून घेतोय. हे व्यक्तीचं फूटप्रिंट मोजायचं कॅल्क्युलेटर घरोघरी कोणी नेलं, माहितीये ना? बीपी. तेल विकणारी कंपनी. २००४-०५ च्या सुमारास त्यांनी जाहिराती करून लोकांना विचारलं, तुमचं फूटप्रिंट किती? म्हणजे विहीर खणणारा बाजूला आणि पाणी पिणारा पिंजऱ्यात. अमेरिकेत माणशी चौदा टन, आपल्याकडे दोन. ज्याची त्याची खासगी जेट उडताहेत. आणि विमान तसंही उडणारच आहे, बाबा बसले काय आणि न बसले काय.

---

डेपोकाका

बीपीचं बरोबर आहे, आणि तेल कंपन्यांना मोकळं सोडा असं कोणी म्हणत नाही. पण "तसंही उडणारच आहे" हे मी नोकरीभर ऐकलंय. "एसटी तशीही जाणारच आहे, मी बसलो काय नि वडापच्या खासगी जीपने गेलो काय." वर्षभर असं झालं की भारमान पडतं आणि मुक्कामाची गाडी बंद होते. मग तेच लोक अर्ज घेऊन डेपोत येतात. उलट ज्या मार्गावर गाडी भरभरून जाते तिथे दुसरी फेरी सुरू होते. विमान कंपनीचंही गणित हेच, फक्त तिथला फळा आपल्याला दिसत नाही. भरलेलं विमान पुढच्या वर्षी आणखी एक विमान आणतं.

कंपनीचं काम कोणाच्या खात्यात, तर माझ्या मते दोघांच्याही लिहा. धुराला खातं माहीत नसतं.

---

स्टुटगार्टकर

डोंबिवलीकरीण ताई, तुमच्या मिस्टरांचं दुखणं मला कळतं. इथे माझ्याकडे गाडी नाही. जर्मनीत २०२३ पासून एक मासिक तिकीट मिळतं, त्यात देशभरच्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक ट्रेन, ट्राम, बस आल्या. सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, आता महागलंय. तरी परवडतं. बाजारहाट, ऑफिस, मित्रांकडे जाणं, सगळं त्यावर. शेजारी कौतुक करतात.

आणि मग डिसेंबरात फ्रँकफर्टहून मुंबईचं विमान. साडेसहा हजार किलोमीटरवर इकडचं अंतर, तेवढंच परत, इकॉनॉमीत बसूनही पाऊण ते एक टन. बिझनेस क्लासमध्ये तिप्पट धरतात, कारण एक माणूस तीन माणसांची जागा अडवतो. वर्षभर ट्रामने फिरून वाचवलेलं एका रात्रीत संपतं. आई सोलापुरात एकटी, त्यामुळे येणं बंद करण्याचा प्रश्नच नाही. मी एवढंच केलं, की वर्षात दोनदा पळत येण्याऐवजी एकदा येते आणि सलग सव्वादोन महिने राहते. ऑफिसने घरून कामाची परवानगी दिली ती फार भांडल्यावर. आईला हे जास्त आवडलंय. आधी मी यायची ती जेट लॅग उतरेपर्यंत झोपायची आणि मग बॅगा भरायला घ्यायची.

तुमच्या मिस्टरांना दर महिन्याला एका दिवसाची मीटिंग असेल, तर दोन महिन्यांतून एकदा जाऊन तीन दिवस राहता येतं का, ते विचारून बघा. ट्रेनने जा असं मी सांगणार नाही, मुंबई-बंगळूर उद्यान एक्सप्रेस जवळपास पूर्ण दिवस घेते, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही हे उघड आहे.

---

प्लग_लावला_का

ईव्हीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझी इलेक्ट्रिक कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. वर सिग्नलभाऊंनी युनिटमागे ७०० ग्रॅम सांगितलेत, त्या हिशेबाने किलोमीटरला शंभर-एकशेवीस ग्रॅम. पेट्रोलपेक्षा कमी, पण शून्य अजिबात नाही. चंद्रपूर-कोराडीचा कोळसा माझ्या चाकात आहेच. घरावर सोलर असेल आणि दिवसा चार्ज करत असाल तर चित्र बदलतं. मात्र गणपतीत कोकणात चार्जरसमोर रांग लावून उभं राहायची हौस मला तरी नाही, त्या दिवसांत मी ट्रेननेच जातो.

आणि गेल्या वर्षी गणपतीत कोकण रेल्वेने कार ट्रेनवर चढवून न्यायची रो-रो सेवा सुरू केली होती, कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत. ऐकायला भारी. पण एका कारमागे तीनच प्रवासी, तुम्ही सहा. उरलेले तिघे काय कॅरियरवर?

---

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे आभार. काल जेवताना डेपोकाकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. भागाकार राहिला म्हटल्यावर चिरंजीव गोरेमोरे झाले आणि बाबा खूश. पुढे बंगळूर आलं तेव्हा बाबांनी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला.

सध्या ठरलंय असं: सासू-सासरे आणि मी तुतारीने, तिकीट मिळालं तर. पण मग गाडीत नवरा आणि दोन मुलं एवढेच उरतात, आणि मुलगा लगेच म्हणाला, भारमान पन्नास टक्क्यांच्याही खाली! काका, तुम्ही त्याला हा शब्द दिलात, आता आम्ही भोगतोय. नणंद आणि तिचे यजमान ठाण्याहून एसटीने जाणार होते, त्यांना गाडीत घेतलं तर पाच होतात. नवऱ्याला मेव्हण्याबरोबर दहा तास गाडीत बसायचं नाहीये, हे त्याने अजून तोंडाने सांगितलेलं नाही.

आता पुढचं नवराच लिहितोय, माझ्याच आयडीवरून:

नमस्कार काका. बंगळूरचं मी मॅनेजरला विचारलंय, दोन महिन्यांतून एकदाचं. उत्तर आलेलं नाही. मेव्हण्याचं बघू. मला गाडीचं विचारायचंय. कॅरियर लावणारच आहे, मखर, पाट आणि येताना तांदूळ-नारळ, आत जागा नाही. गेल्या वेळी माणगावात तीन तास जाम होता, एसी चालू ठेवून बसलो. या सगळ्यात खरोखर किती पेट्रोल जातं? आणि भरलेल्या गाडीला हवा किती ठेवायची?

---

डेपोकाका

जाममध्ये एसी लावून नुसतं उभं राहिलात तर तासाला एक लिटरच्या आसपास धरा. तीन तासांत तीन लिटर, म्हणजे सातेक किलो, आणि गाडी जागची हललेली नाही. माणगाव-इंदापूर पट्टा पहाटे पाचच्या आत ओलांडायचा, म्हणजे घरातून रात्री दीडला निघायचं. काशेडीला आता बोगदा आहे, जुना घाट चढायची गरज नाही.

कॅरियर लावा, पण सामान आडवं पसरून बांधा, उंच रचू नका, आणि ताडपत्री फडफडणार नाही अशी ताणून घ्या. मखर वर, तांदळाची पोती खाली, सीटच्या मागे. पोचल्यावर कॅरियर काढून अंगणात ठेवा, गावात फिरताना त्याचं काम नाही. वेग सत्तर-ऐंशी. शंभरच्या वर गेलात की पंधराचं अ‍ॅव्हरेज बारावर येतं, आणि पुढच्या डायव्हर्जनला ज्याला मागे टाकलंत तोच शेजारी येऊन उभा राहतो.

हवेचं मला विचारू नका, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर आहे. त्यात दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांचा आणि दुसरा भरलेल्या गाडीचा. दुसरा बघा, मागच्या चाकांना तो जास्त असतो. हवा थंड टायरला भरायची, म्हणजे आदल्या संध्याकाळी घराजवळच्या पंपावर. पनवेलला पोचून भरलीत तर काटा चुकीचा दाखवेल. आणि स्टेपनीचीही बघून घ्या, ती कोणी बघत नाही.